हेल्मेटचा पट्टा

३ नोव्हेंबर, सोमवार

खुंटीवरच्या हेल्मेटचा पट्टा कोणीतरी आवळला आहे.

हे हेल्मेट घरचं. रोजचं वेगळं, ते कंपनीच्या लॉकरमध्ये असतं. प्लँटमध्ये काही झालं आणि अवेळी बोलावणं आलं तर शोधाशोध नको, म्हणून एक हेल्मेट, केशरी जॅकेट आणि शिट्टी मी दारामागच्या खुंटीवर ठेवतो. माणूस सेफ्टी ऑफिसर असेल तर त्याच्या घरात एवढं तरी असावं. माझं डोकं मोठं आहे, पट्टा कायम शेवटच्या भोकावर असतो. आज तो बराच आत सरकलेला आहे.

प्रीतीला विचारलं. म्हणाली, "झाडताना धक्का लागला असेल." धक्क्याने हेल्मेट खाली पडेल, पट्टा कसा आवळेल? हे तिला समजावून सांगायला लागलो तर ओढणी तोंडावर धरून आत निघून गेली. सर्दी झाली म्हणे. मी पट्टा होता तसा सैल करून ठेवला.

जुलैत नदीचं पाणी आमच्या मांजर्लीत शिरलं, त्याच आठवड्यात बाबांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत यायचं असेल तर पहिल्या सहा महिन्यांत येईल, नंतर अवघड. त्या दिवसापासून मी घराला शिस्त लावली आहे. भिंतीवर वेळापत्रक आहे. जेवताना टीव्ही नाही, गप्पा नाहीत, कारण बाबांना ठसका लागतो आणि घास श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतेल. संध्याकाळी कामावरून आलो की मी स्वतः चित्रांची कार्डं घेऊन बसतो. "हा काय? कप. म्हणा, कप. पुन्हा, बाबा. पुन्हा." बाबा खिडकीबाहेर बघत राहतात. आजही बघत राहिले.

प्रीतीने शाळेच्या ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली आहे. दिवसभर तीच असते बाबांजवळ. म्हणजे दिवसभर काय चालतं ते फक्त तिला माहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार

चांगुणा आत्या उल्हासनगरहून आली होती. बाबांची धाकटी बहीण, कॅम्प चारला राहते, जीन्सचे धागे कापायचं काम घेते. हल्ली दर बुधवारी येते. भावावर माया असेल, पण याआधी ती सणासुदीला तोंड दाखवायची.

मी आलो तेव्हा निघायच्या तयारीत होती. वरच्या ओठावर काळं लागलेलं होतं. मी तिथल्या तिथे ओळखलं.

"आत्या, पुन्हा मिश्री सुरू केलीस?"

"काय बोलतो? कधीच सोडली मी."

"ओठावर बघ. अगं, कॅन्सर होतो त्याने. आमच्या कंपनीतल्या एकाचा जबडा काढायला लागला."

आत्याने बोट लावून बघितलं आणि अशी काही हसायला लागली की तिला भिंतीला टेकावं लागलं. प्रीती लगबगीने स्वयंपाकघरात पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

"हसण्यासारखं काही आहे का यात?" मी विचारलं.

हे विचारल्यावर तर आत्या खालीच बसली. "टेन्शन नको घेऊ विकू, सोडते, आजच सोडते," म्हणाली आणि डोळे पुसत गेली. कॅन्सरचं नाव काढल्यावर हसणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. या दोघींचं काहीतरी शिजतंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. अंबरनाथच्या आमच्या पट्ट्यातले कारखाने शुक्रवारी बंद असतात. शुक्रवारी घर कसं शिस्तीत चालतं. आवाज नाही, गडबड नाही. सकाळचे व्यायाम वेळेवर झाले, म्हणजे मी बाबांचा हात धरून वर-खाली केला. त्यांनी स्वतः काही केलं नाही. कार्डांच्या वेळी डोळे मिटून घेतले.

दुपारी प्रीती चहा घेऊन आली आणि समोर बसली. "अहो, तुम्ही रोज सकाळी गेटवर कामगारांना नेमकं काय बोलता?"

लग्न झाल्यापासून तिने माझ्या कामाबद्दल असं कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं करतो. पहिला प्रश्न, हेल्मेट कुठंय? दुसरा, घाई कुणाला आहे? कोणी बोलत नाही. मग मी म्हणतो, कुणालाच नाही ना? मग हळू चला.

"हात कसा करता?"

उजवा हात वर करून, बोट रोखून दाखवलं. ती फार लक्ष देऊन बघत होती. "आणि कोणी हसलं तर?" तेही सांगितलं. दाराआडून बाबांच्या खाटेचा कुरकुर आवाज आला, बहुतेक कूस बदलली असावी.

मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. पण संध्याकाळपासून वाटतंय, तिला हे कशाला हवं होतं? कोणाला सांगायला?

१० नोव्हेंबर, सोमवार

शिट्टी ओली होती.

शिवाय हॅन्ड टॉवेलला काळा डाग. आधी वाटलं ग्रीस. घासून, वास घेऊन बघितलं. ग्रीस नाही, तेलकट आहे पण वास गोडसर. फिटर असता तर हाताला ग्रीसच असतं. मग हा कोण?

'हा' लिहिलं मी. कारण खाली जिन्यात मालिनीताई भेटल्या. त्या आमच्या बरोब्बर खालच्या फ्लॅटमध्ये राहतात. "तुमच्या बाबांना बरं वाटतंय ना आता?" अशी गोड सुरुवात केली आणि मग म्हणाल्या, "नाही, दुपारी शिट्टी वाजते, म्हणून म्हटलं. हसणं-खिदळणं तर काय विचारू नका. आणि एक पुरुषाचा आवाज असतो. तुम्ही तर कामावर असता ना?"

मी म्हणालो, टीव्ही असेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीत काही घडलं की आम्ही कागद घेऊन पाच वेळा 'का' विचारतो. पाचव्या 'का'ला खरं कारण सापडतं.

शिट्टी ओली का? कोणीतरी वाजवली. का वाजवली? गंमत म्हणून. घरात आजारी माणूस असताना गंमत का? कोणीतरी गंमत करणारा येतो. तो मी नसतानाच का येतो?

चौथ्या 'का'ला मी थांबलो. पाचवा विचारायचं धाडस झालं नाही. प्रीतीवर असा संशय घेताना लाज वाटते. ती वाईट नाही. पण चार महिने ती या खोल्यांत कोंडली आहे आणि माझ्याशी हसल्याचं मला आठवत नाही. मग ती हसते कोणाशी?

खुंटीवर कंपनीतला लाल टॅग अडकवला. मशीन दुरुस्तीला बंद असलं की आम्ही लावतो तो. 'धोका. हात लावू नका.' खाली माझी सही. प्रीती टॅगकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "घरात?" एवढंच म्हणाली.

दुसरी गोष्ट. कर्जतच्या पुढे एक निवासी केंद्र आहे, तिथे झटका आलेल्यांना तीन महिने ठेवून घेतात, तज्ज्ञ असतात. चोवीस तारखेला, सोमवारी, जागा मिळते आहे. मी हो म्हणून टाकलं. घरात प्रगती शून्य आहे आणि महिने संपत चाललेत.

"बाबांना विचारलंत?" प्रीतीने विचारलं.

"बाबा काय सांगणार?"

बाबा खाटेवरून टॅगकडे बघत होते. त्यांचा डोळा पाणावलेला वाटला, पण झटक्यानंतर तो उजवा डोळा वाहतोच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

टॅग जागेवर आहे, पण उलटा. सहीची बाजू भिंतीकडे. मी कधीही उलटा लावत नाही. काल आत्या येऊन गेली. पट्टा पुन्हा आवळलेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. घर चिडीचूप.

सकाळी औषधं आणायला गेलो तर दुकानात बाबांच्या वयाचे एक गृहस्थ भेटले. "धोंडिबाचा मुलगा ना तू? जय भीम. काय माणूस रे तुझा बाप!" आणि सुरू झाले. बाबा तरुणपणी दिवसा रंगाच्या कारखान्यात काम करायचे आणि रात्री जलशात. मला हे सगळं पाठ आहे. जयंतीच्या महिन्यात अंबरनाथपासून जांभूळपर्यंत वस्त्यावस्त्यांत त्यांच्या पार्टीला बोलावणं असायचं. शाहीर शिक्षणाचं, व्यसनमुक्तीचं गाणार आणि मधे बाबा उठून सावकाराची, भटाची, दारुड्याची नक्कल करणार. "आम्ही हसून हसून पडायचो आणि घरी जाऊन बाटली फोडायचो," ते गृहस्थ म्हणाले. बाबा म्हणायचे, माणूस हसला की त्याचे कान मोकळे होतात, मग सांगायचं ते सांगावं.

मी लहानपणी पहिल्या रांगेत बसायचो. मला कधी हसू यायचं नाही. सगळे माझ्या बापाला हसतात, याची मला भीती वाटायची.

घरी येऊन बाबांना सांगितलं, अमुक भेटले होते. बाबांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मी लगेच कार्डं काढली. तो कोपरा पुन्हा बंद झाला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज मॉक ड्रिल केलं. कंपनीत नाही, घरी. आगाऊ सांगून केलेल्या ड्रिलला काही अर्थ नसतो, त्यामुळे सकाळी नेहमीसारखा डबा घेऊन निघालो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर हाफ डे टाकून परत आलो.

आमच्या मजल्याच्या जिन्यातच शिट्टी ऐकू आली. मग पुरुषाचा आवाज. जाड, तुटक, प्यायलेल्या माणसासारखा. त्यावर दोघी बायकांचं हसणं. माझे कान तापले. बूट काढून हातात घेतले, म्हणजे वाजायला नकोत. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पॅसेजमध्ये उघडते आणि तिथून हॉल सरळ दिसतो. मी खिडकीशी उभा राहिलो.

हॉलमध्ये खुर्चीवर बाबा होते. डोक्याला माझं हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली घट्ट. अंगात माझं जॅकेट. गळ्यात शिट्टी आणि माझा लाल टॅग. ओठावर काजळाने काढलेली मिशी, माझ्या मिशीसारखी, टोकं खाली वळलेली. समोर आत्या ओढणी कमरेला बांधून उभी होती आणि तिलाही मिशी होती. तिच्या मागे रांगेत प्रीती.

"साब, हेल्मेट में बहोत गरमी होती है," आत्या डोकं खाजवत म्हणाली. "डोकं शिजतं साहेब."

बाबांचा उजवा हात उठायला लागला. मांडीवरून पोटाशी, पोटापासून छातीशी, थरथरत, खांद्यापर्यंत. बोट रोखलं.

"कु... ठाय... हेल्मेट?"

प्रीतीने पुढे होऊन विचारलं, "साहेब, लवकर जाऊ का? घाई आहे."

"घाई..." बाबा थांबले. जीभ शोधत होती. दोघी गप्प, कोणी शब्द पुरवला नाही. "घाई... कु... णाला?"

आत्या फिस्कन हसली. आणि माझा बाप, जुलैपासून 'कप' न म्हणालेला माझा बाप, मान ताठ करून, भुवया माझ्यासारख्या जोडून म्हणाला, "हस... ण्या... सारखं... काय?"

प्रीती हसता हसता रडत होती. बाबाही हसत होते, अर्ध्या तोंडाने.

मी आत गेलो नाही. बूट हातात घेऊन तसाच खाली उतरलो आणि नदीच्या बाजूला जाऊन बसलो. नेहमीच्या वेळेला येऊन बेल वाजवली. हेल्मेट खुंटीवर होतं. बाबा खाटेवर खिडकीबाहेर बघत होते. प्रीती म्हणाली, "बुटांना चिखल कसा हो?" मी म्हणालो, कंपनीत पाईप फुटला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बाबा बोलले. हे मी काल सरळ असं लिहिलंच नाही, बाकी सगळं लिहिलं. बाबा बोलले.

आणि मला राग आला आहे. रात्रंदिवस ज्यांची काळजी केली त्यांनी पहिला शब्द काढला तो मला हसायला. चार महिने मी एका शब्दासाठी समोर बसून राहिलो, माझ्यासमोर डोळे मिटतात. त्या दोघींसमोर हात खांद्यापर्यंत जातो.

आज गेटवर उभा राहिलो आणि "घाई कुणाला आहे?" म्हणताना बोट वर केलं. मागच्या रांगेत दोघे खाली बघून हसत होते. ते रोजच हसत असावेत. मी कधी तिकडे बघितलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. घर चिडीचूप. आज त्या शांततेची मला शिसारी आली.

बाबांची बॅग भरून दारात ठेवली. सोमवारी सकाळी निघायचं आहे. कार्डं काढली. "बाबा, मला माहीत आहे तुम्हाला येतं," असं म्हणणार होतो, पण तोंडातून "हा काय? कप" हेच आलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. आधी वाटायचं त्यांना समजत नाही. आज वाटलं, ते वाट बघतायत. कशाची ते कळेना.

प्रीतीने काजळाची डबी माझ्या दाढीच्या सामानात ठेवली होती. हल्ली फार विसरभोळी झाली आहे. उचलून तिच्या आरशापाशी ठेवली, तर दुपारी पुन्हा माझ्या ब्रशशेजारी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रीतीशी बोलणं सगळ्यात शेवटी झालं, पण ते आधी लिहून टाकतो. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "ऑक्टोबरात एकदा मी झाडू मारताना गंमत म्हणून हेल्मेट घातलं. बाबा एकदम म्हणाले, घाई. मी रडलेच. तुम्हाला फोन लावायला घेतला होता, पण बाबांनी हाताने नको नको केलं. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? कार्डं घेऊन बसला असता." ते खरं होतं.

आता संध्याकाळचं.

सकाळी निघताना एक काम करून गेलो होतो. हेल्मेटचा पट्टा आवळून ठेवला, बाबांच्या डोक्याच्या मापाने. टॅग काढून खिशात घातला.

परत आलो तेव्हा दाराबाहेर बूट काढून चपला घातल्या, शर्टाची बटणं खालीवर लावली, केस विस्कटले. बेलवर बोट ठेवलं आणि परत मागे घेतलं, दोनदा. हजार माणसांसमोर भाषण करताना मला असं होत नाही. बेल वाजवली.

आत्या सोमवारसाठी मुक्कामाला आलेली होती, तिने दार उघडलं. मी आत जाऊन बाबांच्या खाटेसमोर उभा राहिलो. हात मागे बांधले.

"साहेब," मी म्हणालो, "उशीर झाला. हेल्मेट घरी राहिलं."

प्रीती पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात थांबली. कोणी हललं नाही. मला वाटलं, फसलं. मला ही गंमत कधी जमलीच नाही आणि आता तर त्यांचीही होती ती मी नासवली. बाबा माझ्याकडे बघत होते. बटणांकडे, चपलांकडे, परत तोंडाकडे.

आत्याने खुंटीवरून हेल्मेट काढलं आणि पट्टा आवळायला बोट गेलं तशी थबकली. मग ते बाबांच्या डोक्यावर ठेवलं. नीट बसलं.

बाबांचा हात उठायला लागला. मी धरला नाही, फार वाटलं तरी धरला नाही. पोटाशी आला, थांबला, छातीशी आला.

"कु... ठाय... हेल्मेट?"

"घरी, साहेब. घाईत विसरलो."

"घाई... कुणाला?"

यावर कामगार जे करतात ते मी केलं. खाली बघितलं. आणि मला हसू फुटलं, नको तेवढं, नाकातून पाणी येईपर्यंत. मधेच ते रडण्यात गेलं, मला आवरता आलं नाही. बाबा पूर्ण गंभीर होते. त्यांनी भुवया जोडून सगळं होईपर्यंत वाट बघितली. मग मान हलवली. जलशात नवीन पोराने वाक्य फुकट घालवलं की हलवायचे तशी. माझं काम त्यांना पसंत पडलेलं नव्हतं.

बोट दाराकडे गेलं.

"पुन्हा," बाबा म्हणाले. हा शब्द अजिबात तुटला नाही.

प्रीतीने पिठाच्या हातांनीच दारातली बॅग उचलली आणि आत नेली. चेन उघडल्याचा आवाज आला. मी तिला अडवलं नाही.

चपला पायात होत्याच. बाहेर जाऊन दार लावून घेतलं, नाक पुसलं आणि बेल वाजवली.